घुबडाच्या रक्ताची स्लाइड: कशी करायची, कशी वाचायची

घुबडाच्या रक्ताची पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा मला वाटलं, काहीतरी भलतंच झालंय. एकूण एक लाल पेशीत जांभळा ठिपका! मलेरियाच्या स्लाइडी वाचण्यात माझी एकतीस वर्षं गेली, इथेच इंदूरला, एका सरकारी दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर. पेशीत ठिपका दिसला की परजीवी, हे डोळ्यांना पक्कं ठाऊक. दोन-तीन मिनिटं तशीच बघत बसले आणि मग आठवलं, अगं, पक्ष्यांच्या लाल पेशीला केंद्रक असतं. पेशी लांबट, अंड्यासारखी, आणि मधोमध केंद्रक. माणसाच्या लाल पेशीत ते नसतं.

ही गोष्ट २०१७ च्या मार्चमधली. निवृत्त होऊन मी रामबागेत घरीच होते. भाच्याचा एक मित्र पक्षी वाचवणाऱ्या मुलांबरोबर काम करतो. तो रुमालात गुंडाळलेली काच घेऊन आला. म्हणाला, "मावशी, डॉक्टरांनी पिंगळ्याचं रक्त काढलंय, पण वाचायला कुणी नाही. तुम्ही मलेरिया बघायच्या ना?" तेव्हापासून जखमी घुबडांच्या स्लाइडी माझ्याकडे येतात. आता ही मुलं स्वतः शिकू पाहतात, आणि माझ्यासारख्या लॅबमधून निवृत्त झालेल्या दोघी-तिघींनीही विचारलं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आधी कायद्याचं सांगते. घुबड हा वन्यजीव आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. जखमी घुबड सापडलं तर वनविभागाला कळवायचं आणि पशुवैद्यांकडे न्यायचं. रक्त काढायचं ते पशुवैद्यांनीच, आणि तेही पक्ष्याच्या उपचारासाठी. आपलं काम पक्षी नीट धरण्याचं आणि नंतर काचेचं. झाडावर सुखानं बसलेलं घुबड नुसतं कुतूहल म्हणून तपासायला उतरवायचं नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस जादूटोण्यासाठी घुबडांच्या मागे माणसं लागतात ते आपण जाणतोच. त्या दिवसांत कुठून आणलं हे न सांगता कुणी घुबड घेऊन आलं, तर ते ताबडतोब वनविभागाच्या कानावर घाला.

इंदूरमध्ये हाताशी येतात ते बहुतेक पिंगळे. रेसिडेन्सीची जुनी झाडं, कॉलेजांची आवारं, जुन्या वाड्यांच्या भिंतींतली भोकं, सगळीकडे त्यांची जोडपी आहेत. त्या खालोखाल गव्हाणी घुबड. पिंगळा फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, म्हणून आधी वजन करायचं, मग बाकीचं. पक्ष्याच्या अंगातून एका वेळी वजनाच्या शंभरात एक भागापेक्षा जास्त रक्त काढू नये असा नियम आहे. ११० ग्रॅमच्या धडधाकट पिंगळ्याला ही मर्यादा १.१ मिलिलिटर होते. आजारी असेल तर त्याच्याही बरंच खाली राहायचं. स्लाइडीला लागतात दोन-तीन थेंब. मला कधी त्याहून जास्त लागलेलं नाही.

धरताना चोचीची भीती वाटते, पण खरे जपायचे ते पंजे. मऊ टॉवेल डोक्यावरून टाकायचा. अंधार झाला की घुबड शांत होतं. दोन्ही पाय बोटांच्या वरच्या बाजूला एका हातात घ्यायचे. छाती आवळायची नाही. पक्षी श्वास घेतो तेव्हा छातीचं हाड पुढेमागे हलतं, ते दाबलं की त्याचा श्वासच कोंडतो. नव्या मुलांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण घट्ट धरलं म्हणजे नीट धरलं असं त्यांना वाटतं. पंख उघडला की कोपराच्या आतल्या अंगाला निळसर शीर दिसते. डॉक्टर २६ किंवा २७ गेजच्या सुईनं तिथं टोचतात आणि वर आलेला थेंब काचेच्या बारीक नळीत घेतात. मग कापूस धरून मिनिट-दोन मिनिटं हलका दाब द्यायचा. इथं घड्याळ बघत जा. रक्त थांबायला किती वेळ लागला हे वहीत लिहायचं. का, ते पुढे सांगते.

आता काच. थेंब मोहरीएवढा, त्याहून मोठा नको. दुसऱ्या काचेची कड तिरपी टेकवून थेंब कडेभर पसरू द्यायचा आणि एका हातासरशी पुढे ओढायचं. माणसाच्या स्लाइडीवर आपण एक जाड थेंबही करतो, शोधायला सोपा म्हणून. पाण्यात लाल पेशी फुटून जातात आणि परजीवी तेवढे उरतात. दवाखान्यात आम्ही जेएसबी वापरायचो, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तयार केलेला स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग. जाड थेंबावर तो झटपट काम करतो. पक्ष्यांत ही युक्ती चालत नाही, कारण पेशी फुटली तरी केंद्रकं मागे उरतात आणि त्यांच्या गर्दीत परजीवी हरवून जातो. म्हणून फक्त पातळ स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून ओढलेला रक्ताचा थर, आणि एका पक्ष्याच्या निदान दोन काचा.

स्मिअर ओढला की लगेच वाळवा. पंख्यासमोर धरा, नाहीतर हेअर ड्रायरची थंड हवा द्या. गरम हवा नको. पंधरा-वीस सेकंदांत काच सुकली पाहिजे. या घाईचं कारण फार सुंदर आहे. घुबडाच्या रक्तात परजीवीचे नर आणि मादी रूपातले जंतू थांबलेले असतात, कधी एखादं चिलट येऊन रक्त पितं याची वाट बघत. रक्त अंगाबाहेर आलं, थंड झालं, हवेला लागलं, की त्यांना वाटतं आपण चिलटाच्या पोटात पोचलो. ते पेशीतून बाहेर पडतात, गोल होतात, आणि नरातून शेपटीसारखे धागे सुटतात. १८९७ मध्ये मॅकॅलम नावाच्या तरुणानं कावळ्याच्या रक्तात हाच प्रकार बघितला आणि धागा मादीत शिरताना पाहिला. काय घडतंय ते त्याच्या लक्षात आलं. त्याला तो शोध लाभला, पण आपल्याला या अवस्थेचा उपयोग नाही. आकार बदलला की कुठला परजीवी हे ओळखता येत नाही. माझ्याकडे पावसाळ्यात आलेल्या कितीतरी काचा एवढ्याच कारणानं वाया गेल्या.

काचेच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीनं तारीख, जागा, जात, वजन आणि पिल्लू की मोठा हे लिहा. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. मग निव्वळ मिथेनॉलमध्ये १ ते ३ मिनिटं बुडवून काच पक्की करायची, त्याच दिवशी. मिथेनॉल विषारी आहे, पेटतं, आणि त्याचा वासही घ्यायचा नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पक्की न केलेली काच उघडी राहिली तर मुंग्या आणि झुरळं रक्त खाऊन टाकतात, हे मी दवाखान्यातही पाहिलंय. फॉर्मलिनच्या बाटलीजवळ काच ठेवू नका. त्याच्या वाफेनं नंतर रंग धड चढत नाही.

रंगासाठी जिम्सा नावाचा स्टेन. एक भाग जिम्सा, नऊ भाग ७.२ पीएचचं बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं द्रावण), तासभर. नळाला येणारं नर्मदेचं पाणी पिण्यासाठी असतं, जिम्सात ओतण्यासाठी नाही. त्याचा पीएच आपल्या हातात नसतो. रंग नीट झाला तर केंद्रक जांभळं, पेशीचा बाकी भाग फिकट गुलाबी. सगळंच निळं दिसलं तर बफर तपासा.

वाचायला सुरुवात तेलाच्या लेन्सनं करू नका. आधी ४० च्या लेन्सनं दहा मिनिटं काच फिरवा, खास करून कडा आणि शेपूट, म्हणजे स्मिअरचं पातळ टोक. मोठे जंतू तिथेच जमतात. मायक्रोफायलेरिया, म्हणजे सूत्रकृमींची सूक्ष्म पिल्लं, लाल पेशींपेक्षा कितीतरी लांब असतात आणि तेलाच्या लेन्सखाली उलट निसटतात. ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत सापडतो, एका अंगाला लाटेसारखा पडदा असलेला. तो एवढा विरळ असतो की अख्ख्या काचेवर एक दिसला तरी नशीब.

मग १०० ची, म्हणजे तेलाची लेन्स. पेशीच्या आत काही दिसलं की मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. रंगकण आहेत का? आणि परजीवी रक्तातच विभागतोय का?

परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्याचा न पचलेला भाग सोनेरी-तपकिरी, कधी काळपट कणांच्या रूपात उरतो. तेच हे रंगकण. कण आहेत, पण विभागणारं रूप कुठेच नाही, आणि परजीवी केंद्रकाला वळसा घालून बसलाय, पोरीनं आईच्या कमरेला मिठी मारावी तसा, तर तो हिमोप्रोटिअस. घुबडांत मला हाच सर्वांत जास्त भेटला. मादी निळसर रंगते आणि कण तिच्यात विखुरलेले असतात, नर फिकट गुलाबी. कण आहेत, आणि शिवाय एखाद्या पेशीत द्राक्षाच्या घोसासारखे लहान जंतू जमलेत, केंद्रक बाजूला ढकललं गेलंय, तर प्लाझ्मोडिअम, म्हणजे पक्ष्यांचा खरा मलेरिया. कण मुळीच नाहीत, परजीवी मोठा, पेशीचा आकार पार बिघडलेला, कधी दोन्ही टोकांना शेपट्या ओढल्यासारखा, तर ल्युकोसायटोझून.

नुसती कोवळी रूपं दिसली तर पहिल्या दोघांतला फरक सांगता येत नाही. तेव्हा अहवालात "हिमोप्रोटिअस किंवा प्लाझ्मोडिअम" असंच लिहायचं. रंगाचा गाळही कणांसारखा दिसतो. त्यासाठी लेन्स किंचित वरखाली करा: कण परजीवीबरोबरच स्पष्ट होतात, गाळ मात्र वरच्या थरात तरंगतो. आणि एक परजीवी सापडला म्हणून काच उतरवू नका. आपल्या पिंगळ्याचा युरोपात एक सख्खा चुलतभाऊ आहे, छोटं घुबड. १९०४ मध्ये शाउडिन नावाच्या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञानं त्याच्या रक्तात वरच्यातले तीन परजीवी बघितले आणि ते एकाच जीवाची वेगवेगळी रूपं आहेत असं मांडलं. खरं तर एकाच घुबडाला एकदम अनेक परजीवींची लागण झाली होती. पुढच्याच वर्षी सिफिलिसचा जंतू शोधणाऱ्या माणसाची ही चूक. मिश्र लागण इतकी फसवी असते.

मोजणी हवीच. एका फिल्डमध्ये, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या भागात, साधारण २०० पेशी एका थरात दिसत असतील तर ५० फिल्डांत १०,००० होतात. "परजीवी आढळले" एवढंच लिहिलेला अहवाल डॉक्टरांच्या काही उपयोगाचा नाही. १०,००० पेशींत किती, हे लिहा. काही दिसलं नाही तर "आढळले नाहीत" लिहा, "नाहीत" लिहू नका. विरळ लागण काचेवर सुटून जाते. ती पकडायला वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून जनुकांची पीसीआर तपासणी लागते, ती संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा करतात.

आता आकड्याचा अर्थ, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा हीच. त्या पहिल्या पिंगळ्यात मला १०,००० पेशींत ९ हिमोप्रोटिअस मिळाले. मुलं घाबरली, "मलेरिया झालाय!" पण त्याला गाडीचा धक्का लागला होता, पंख दुखावला होता. खाणं चालू, डोळे स्वच्छ, वजन बरं. पंख सुधारला आणि तो उडून गेला, ते परजीवी अंगात घेऊनच. रानातल्या घुबडांत अशी थोडीशी लागण वर्षानुवर्षं राहते आणि वरून काही दिसत नाही. लागण नवी असताना परजीवी भराभर वाढतात, मग शरीर त्यांना आवर घालतं. भूक, जखम, अंडी घालण्याचा ताण, यांत कधी ते पुन्हा डोकं वर काढतात.

पिल्लांची गोष्ट वेगळी. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेसिडेन्सीतून घरट्याखाली पडलेलं पिंगळ्याचं पिल्लू आलं. तोंड उघडलं तर आतून फिकं, जवळजवळ पांढरं. छातीचं हाड हाताला धारेसारखं लागत होतं. रक्तातला पेशींचा भाग, ज्याला पीसीव्ही म्हणतात, १७ टक्के. शिकारी पक्ष्यांत तो साधारण ३५ ते ५० असतो. १०,००० पेशींत ६२० परजीवी. एकच आशेची खूण होती: काचेवर निळसर, गोलसर कोवळ्या लाल पेशी पुष्कळ होत्या, म्हणजे हाडांतला मगज नव्या पेशी बनवत होता. परजीवी असलेल्या पेशी फुटतात, प्लीहा आणि यकृत त्या उपसून काढता काढता सुजतात. शिवाय हिमोप्रोटिअस आपली संख्या रक्तात वाढवत नाही, ती वाढ आधी फुफ्फुस, यकृत, स्नायू अशा ठिकाणी होऊन गेलेली असते. म्हणून काचेवरचा आकडा म्हणजे पूर्ण हानी नव्हे. डॉक्टरांनी औषध दिलं, आम्ही ऊब, अंधार आणि अख्खे लहान उंदीर. चोवीस दिवसांनी परजीवी १०,००० त ४० वर आले आणि पीसीव्ही ३६ वर.

उपासमारीशी या परजीवींचं नातं किती घट्ट आहे, ते कॅनडातल्या युकॉनमध्ये दिसलं होतं. तिथं १९९० च्या सुमारास ससे एकदम घटले आणि त्या काळात शिंगवाल्या मोठ्या घुबडांची नुकती उडू लागलेली पिल्लं मेली. चावणाऱ्या काळ्या माश्यांनी त्यांचं रक्त शोषलं होतं आणि ल्युकोसायटोझूनची लागणही झालेली होती. ससे मुबलक असते तर कदाचित पिल्लांनी ते सोसलं असतं.

माझ्या हातून घडलेली चूकही सांगते, कारण ती पुन्हा कुणाकडून होऊ नये. २०१९ मध्ये धान्याच्या एका गोदामातून गव्हाणी घुबड आलं. मलूल, फिकं. काचेवर हिमोप्रोटिअस चांगले १०,००० त ११०. मी अहवाल लिहिला आणि वर ठळक अक्षरांत "हेच कारण" असंही लिहिलं. सगळे त्या दिशेनं गेले. टोचलेल्या जागेतून रक्त चार-पाच मिनिटं थांबत नव्हतं, असं धरणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं. मी ते ऐकूनही कानाआड केलं. तिसऱ्या दिवशी घुबड मेलं. पोटात आणि कातडीखाली रक्त साठलेलं होतं. गोदामात उंदरांचं औषध टाकलेलं, आणि त्यानं मेलेले उंदीर हे घुबड खात होतं. त्या विषानं रक्त गोठत नाही. वेळेवर कळलं तर जीवनसत्त्व के-१ देता येतं. रक्त थांबायचा वेळ लिहायला सांगितला तो यासाठी. तेव्हापासून मी अहवालात कारण लिहीत नाही. किती, कुठले, आणि पेशी कशा दिसतात, एवढंच. कारण पक्षी समोर असलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं.

औषध घरी देऊ नका. क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन पक्ष्यांतही वापरतात, पण साठ किलोच्या माणसासाठी बनलेल्या गोळीचा चुरा ११० ग्रॅमच्या जिवात टाकणं म्हणजे खून आहे. थोड्या लागणीला बहुतेक वेळा औषध लागतही नाही. दूध, पोळी, पनीर काही देऊ नका. नुसते मटणाचे तुकडेही पुरत नाहीत, त्यांत हाडांचा चुना नसतो.

एक भीती प्रत्येक घरात विचारली जाते: आम्हाला होईल का? पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा जोशी, ज्यालाही पिंगळाच म्हणतात, त्याला या पाखराची भाषा कळते, असं मानणाऱ्या घरांतून मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. घुबडाच्या रक्तातले हे परजीवी माणसाला होत नाहीत. हात मात्र साबणानं धुवायचेच, कारण विष्ठेतून दुसरे जंतू येऊ शकतात.

लागण झालेल्या पक्ष्याकडून दुसऱ्याकडे हे परजीवी स्पर्शानं जात नाहीत, कीटकांतून जातात. प्लाझ्मोडिअम डासांतून, ल्युकोसायटोझून वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्यांतून, घुबडांतला हिमोप्रोटिअस क्युलिकॉइडीस नावाच्या १ ते ३ मिलिमीटरच्या चावऱ्या चिलटांतून. ही चिलटं शेण, चिखल, कुजका पाला यांत वाढतात आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आरामात आत येतात. म्हणून पिंजऱ्यावर मलमलीसारखं बारीक कापड लावा, खोलीत हवा खेळती राहील असा पंखा ठेवा, पण झोत पक्ष्यावर नको. चिलटं उडायला कमजोर असतात, वारा त्यांना पेलत नाही. गोठ्याशेजारी पिंजरा ठेवू नका, कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता. पिसांतून खेकड्यासारखी तिरपी पळणारी चपटी माशी दिसली तर पकडून अल्कोहोलमध्ये ठेवा, तीही परजीवी वाहते.

सोडताना पक्षी जिथून आला तिथंच सोडायचा. रालामंडळचं जंगल छान आहे, सिरपूरचं तळं छान आहे, म्हणून शहरातला पिंगळा तिकडे नेऊन सोडू नका. त्याच्या अंगात त्याच्या भागातले परजीवी आहेत, तिथल्या पक्ष्यांना ते नवे असू शकतात, आणि त्याची जोडीदारीणही इथंच आहे. एप्रिलमधलं ते पिल्लू आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात, दिवेलागणीला, त्याच चिंचेवर ठेवलं. पाऊण तास काही झालं नाही. मग वरच्या ढोलीतून चिर्रर्र आवाज आला, पिल्लानं मान वळवून उत्तर दिलं, आणि मोठा पिंगळा तोंडात किडा घेऊन फांदीवर उतरला.